सात ते नऊ

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावजवळच्या येळ्ळूर रस्त्याकडेच्या एका गावात भजनी मंडळाची पेटी पोचवायला गेलो होतो. पेटी देवळात ठेवून निघालो, तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातून एक बाई पदर सावरत बाहेर आल्या. त्यांची माझी ओळख नव्हती, पण माझ्याविषयी त्यांना कोणीतरी सांगितले असावे. "दादा, तुम्हीबी दारू सोडलासा म्हणं," त्या म्हणाल्या. "आमच्या पोराला कायतरी काम सांगा ओ. सात वाजले की दारातच उभारतोय. भाईर जाईना, आत बी येईना." मी त्यांच्या खांद्यावरून पाहिले, तर तो खरोखरच उंबऱ्यावर उभा होता. पायात चपला होत्या आणि एक हात चौकटीवर होता. व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन त्याला थोडेच दिवस झाले होते. तो माझ्याकडे पाहून हसला, पण जागचा हलला नाही. मी "बघतो" म्हणून स्कूटर सुरू केली आणि वाटेत अनगोळ येईपर्यंत त्या बाईंचे बोलणे मनातून जाईना. "त्याला पिऊ देऊ नका" असे त्या म्हणाल्या नव्हत्या. "त्याला चार शब्द समजुतीचे सांगा" असेही म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी काम मागितले होते, आणि तेही नेमक्या वेळेचे. व्यसनावर जाडजूड पुस्तके लिहिणाऱ्यांनाही जे नेमके पकडता येत नाही, ते त्या माउलीने रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता पाहून ठेवले होते.

ती वेळ मला चांगली माहीत आहे. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये माझी उमेद गेली. ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने बनवण्याचे ते काम. दिवसभर सागवानाचा भुसा आणि शेजारच्या मोल्डिंग खात्यातून येणारा करपलेल्या तेलाचा वास नाकात बसलेला असे. पाळी सुटली की हातपाय धुऊन आम्ही चौघे-पाचजण सायकली काढत असू आणि तिसऱ्या रेल्वे गेटपाशी फाटक बंद असले, तर मनातून बरे वाटत असे. कारण गाडी जाईपर्यंत कुठे बसायचे, आज कोणाचा पगार झाला आहे, काल अर्धवट राहिलेला वाद कोणी उकरायचा, हे सगळे तिथेच ठरत असे. पुढे पूल झाला आणि फाटकाशी थांबणे संपले, पण तोवर आमचे थांबे पक्के झाले होते. शेंगदाण्यांचा खमंग वास, पितळी वाटीतला कांदा, भिंतीवरच्या पालीसकट ओळखीची झालेली ती खोली आणि पहिल्या घोटानंतर खांद्यांवरून काहीतरी उतरल्याचा भास यांत दोन तास कुठे जात, ते कळत नसे. घड्याळाची गरजच नव्हती. सातच्या सुमारास शरीरच आठवण करून देई; तोंडाला कोरड पडे, बोटे उगीच पॅटर्नच्या कडेवरून फिरत राहत.

दारूला लोक नशा म्हणतात, पण तिची खरी पकड वेळापत्रकाची असते. पिणे हा त्या दिनक्रमाचा एक लहानसा भाग असतो. पैसे उभे करणे, सोबती जमवणे, घरी काय सांगायचे ते रचणे, बसणे, भांडणे, गळ्यात गळा घालणे, रात्री सायकल सांभाळत घर गाठणे आणि दुसऱ्या दिवशी या सगळ्याची सारवासारव करणे, हा पूर्णवेळ व्यवसाय आहे आणि त्यात माणूस क्षणभरही रिकामा नसतो. हे सगळे एका दिवसात बंद होते, तेव्हा घरच्यांना वाटते की आता हा सुखाने आमच्यात येऊन बसेल. तो बसतोही. पण घरातल्या सगळ्यांनी त्याच्या गैरहजेरीत आपापली संध्याकाळ लावून घेतलेली असते. मुले अभ्यासाला बसतात, बायको शेजारणीशी दोन शब्द बोलते, म्हातारी मालिका पाहते. त्यांच्यामध्ये तो खुर्चीवर पाहुण्यासारखा बसून राहतो आणि सगळे त्याच्याकडे चोरून बघत राहतात.

आणि सात रोज वाजतात.

सुरुवातीच्या दिवसांसाठी वैद्यक आहे, आणि ते असलेच पाहिजे. अनेक वर्षे रोज पिणारा माणूस एकाएकी थांबला, तर सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊन माणूस दगावूही शकतो. म्हणून "मर्द असशील तर आजपासून बंद" असे आव्हान देणाऱ्या नातेवाइकांची मला भीती वाटते. आमच्या भागातले लोक यासाठी धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत, म्हणजे डिमहान्सपर्यंत जातात. ते अंतर फार नाही. ज्यांना कोणाला विचारावे तेच कळत नाही, त्यांच्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. याउलट आमच्याकडे अजूनही चालणारा एक उपद्व्याप म्हणजे नवऱ्याच्या नकळत आमटीत गोळी कालवणे. डायसल्फिराम ही गोळी पोटात असताना दारू घेतली, तर छाती धडधडते, चेहरा लालभडक होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यायची असते. असो. सांगायचे ते इतकेच की हे सारे पहिल्या काही दिवसांचे, फार तर काही आठवड्यांचे आहे. त्यानंतर डॉक्टर पाठीवर थाप मारून घरी पाठवतात. झोप मात्र पुढे कित्येक महिने धड लागत नाही आणि गोडाची वासना अशी उसळते की मी एकेकाळी आलेपाकाच्या वड्या खिशात घेऊन फिरत असे. कुंद्याच्या दुकानासमोरून जाताना भाजलेल्या खव्याचा वास आला, की पूर्वी दुसऱ्या दुकानासमोर जशी पावले रेंगाळत, तशी रेंगाळत असत. हे कोणत्याही केसपेपरवर लिहिलेले नव्हते.

कायद्याने काय होते, हेही या सीमाभागाने पुरेसे पाहिले आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी आपण मुंबई राज्यात होतो आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आपल्यालाही लागू होता. त्या काळच्या हातभट्ट्यांच्या गोष्टी आमचे आजोबा रंगवून सांगत, त्यावरून बंदीचा अंमल किती होता हे कळते. बेळगावच्या ज्या टिळकवाडीत १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तिथे आज बारच्या पाट्यांचे दिवे त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीपासून फार दूर नाहीत. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून अरॅक ही स्वस्त देशी दारू बंद झाली, तेव्हा पाकिटे फोडून पिणाऱ्या आमच्या खात्यातल्या हमालांच्या बायकांनी देवीची ओटी भरली होती. पण पाहता पाहता त्या पाकिटांची जागा नव्वद मिलीच्या टेट्रा पाकिटांनी घेतली आणि घरखर्चातले आणखी पैसे तिकडे वळले. जांबोटीवरून चोर्ला घाट उतरले की गोवा, तिथे तीच बाटली स्वस्त; त्यामुळे कणकुंबीच्या नाक्यावर पिशव्या उघडून दाखवण्याची सवय इथल्या प्रत्येक बसप्रवाशाला आहे. मी बंदीच्या विरोधात नाही. दुकान जवळ नसणे ही मोठी मदत असते, हे मला अनुभवाने माहीत आहे. पण दुकान बंद करणाऱ्या सरकारने, आंदोलन करणाऱ्या महिलांनी किंवा प्रवचनकारांनी त्या दोन तासांचे काय करायचे, याचा विचार केल्याचे मी कधी ऐकले नाही.

त्याचे उत्तर म्हणून सगळे जण एकच गोष्ट सुचवतात: छंद लावून घे. मीही पुष्कळ काही करून पाहिले. किल्ल्याच्या तळ्याभोवती फेऱ्या मारल्या. पण चालताना पाय मोकळे होतात आणि डोके त्याहून मोकळे होते, आणि मोकळ्या डोक्यात काय येते ते वेगळे सांगायला नको. एक सोबती व्यायामाच्या इतका मागे लागला की पहाटे वैजनाथाच्या डोंगरावर आणि संध्याकाळी तालमीत, आणि मधल्या वेळात घरच्यांवर खेकसणे, असा त्याचा दिवस होऊन बसला. दुसऱ्याने मोबाइलवर रमी सुरू केली आणि दारूत घालवले नव्हते एवढे पैसे त्यात घालवले. रिकामी जागा नुसती भरायची म्हटली, की जे हाती लागेल ते त्यात कोंबले जाते, आणि हाव तीच राहते. शिवाय छंदाची एक अडचण अशी की तो आज केला नाही, तरी कोणाचे काही अडत नाही. सातच्या सुमारास ज्याच्या मनात दोन माणसे भांडत असतात, त्याला "आज नको, उद्या करू" म्हणायला छंद पूर्ण मोकळीक देतो. बासरी कोपऱ्यात पडून राहते. ती फोन करून "येताय ना?" असे विचारत नाही.

मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राची आठवण इथे येणे स्वाभाविक आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर पुण्यात ते उभे केले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. स्वतः अवचट ओरिगामी, लाकडातले कोरीवकाम, बासरी यांत रमणारे, त्यामुळे छंदाचा महिमा तिथूनच घरोघरी पोचला असावा. पण तिथे राहून आलेल्या आमच्याकडच्या मंडळींशी बोलताना माझ्या लक्षात आले की त्यांना आठवतात त्या कागदाच्या घड्या नव्हेत. त्यांना आठवते ते दिवसाचे आखीव वेळापत्रक, वाटून दिलेली कामे आणि आपली पाळी चुकली तर दुसऱ्याला करावे लागेल, ही जाणीव. घरी परतल्यावर छंद बरोबर येतो, पाळी मात्र तिथेच राहते.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या 'एए'ची सुरुवातही अशाच एका उंबऱ्यावर झाली, असे मला वाटते. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या अॅक्रन नावाच्या गावी गेला होता. काम फसले. हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा, एका अंगाला बारमधली हसण्याबोलण्याची कुजबूज, दुसऱ्या अंगाला टेलिफोन. त्याला दारू सोडून काही महिनेच झाले होते. त्याने टेलिफोन उचलला आणि चर्चमधल्या अनोळखी माणसांना विचारत विचारत डॉक्टर बॉब स्मिथ या दुसऱ्या दारुड्यापर्यंत पोचला. उपदेश करायला नव्हे. बोलायला कोणीतरी असल्याशिवाय ती वेळ पार पडणार नाही, हे त्याला कळले होते म्हणून. डॉक्टर बॉबने १० जूनला शेवटचा प्याला घेतला आणि तोच दिवस एएचा स्थापना दिवस मानला जातो. बारा पायऱ्यांचा कार्यक्रम नंतर आला. मूळ गोष्ट एका फोनची आहे.

एएच्या आमच्या मीटिंगा संध्याकाळीच असतात. शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले मोठे पुरुष. फळ्यावर सकाळचा पाढा तसाच. कोणाच्या अंगाला गिरणीच्या पिठाचा वास, कोणाच्या अंगाला डिझेलचा. प्रत्येक जण नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो, आणि बोलायचे ते बोलतो. कोणी मध्ये टोकत नाही. पहिल्यांदा गेलो, तेव्हा हे सगळे मला खोटे वाटले. मला तिथे टिकवले ते शेअरिंगने नव्हे, चहाने. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी दुसऱ्याच खेपेला मला सांगितले, "पुढच्या वेळेपास्नं किटली तुमच्याकडं. साडेसहाला या, बाकं लावायची, चहा आणायचा." मला वाटले, मला कामाला लावतात. खरेच होते ते. पण पुढच्या आठवड्यात पाय दुसऱ्या वाटेला वळू लागले, तेव्हा मनात आले ते हे की चहा कोण आणणार? एवढ्या क्षुल्लक विचाराने माणूस वळतो, हे मी दुसऱ्या कोणाकडून ऐकले असते, तर विश्वास ठेवला नसता. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांच्या वेळी स्वतःला सांभाळा, असे तिथे सांगतात. किटली हातात असली की निदान एकटेपणाची सोय होते.

पण मीटिंग रोज नसते. बाकीच्या संध्याकाळी पेटी आली. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी फुसफुसू लागली होती आणि लाकडाची माहिती असलेला माणूस म्हणून ती माझ्याकडे दिली गेली. उघडून पाहिली, तर भात्याच्या घडीवरचे चामडे उंदराने कुरतडलेले, आत उदबत्तीची राख, बुक्का, तांदळाचे दाणे आणि एक जुने पाच पैशांचे नाणे. पितळी सुरांवर हिरवट गंज होता. सूर म्हणजे पितळेची एक बारीक जीभ. ती खाचेत कुठेही न घासता हलली पाहिजे. पातळ कागदाची पट्टी तिच्याखालून सरकवून आधी मळ काढायचा. मग आवाज उतरलेला असेल, तर जिभेच्या टोकाशी कानसीने अगदी नखभर घासायचे, म्हणजे सूर चढतो. मुळाशी घासले, तर उतरतो. एक घास जास्त झाला की सूर गेला, आणि नव्या सुरासाठी पालिताण्याचा माल मिळतो का, ते शोधत बसायचे. माझा हात सवयीने आमच्या जुन्या श्रिंकेज स्केलकडे जात असे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी पट्टीच वाढीव खुणांची असते. त्या पट्टीने पेटीची फळी मोजली असती, तर ती पेटीत बसलीच नसती. शेवटी ती पट्टी मी कपाटावर ठेवून दिली. लोक म्हणतात, तुम्हाला छान छंद लागला. मला पेटी वाजवता येत नाही आणि गाण्याचा कानही बेताचाच आहे. सूर लावताना मंडळातल्या एका आजोबांना शेजारी बसवावे लागते. पण एकादशीला पेटी देवळात पाहिजे असते. नसली, तर हरिपाठाला नुसत्या टाळांवर भागवावे लागते आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. मला ते बघणे हवे आहे.

याच मंडळातले थोरले मला अधूनमधून विचारतात, "माळ कधी घालणार?" आपल्याकडे दारू सोडण्याचा जुना आणि अजूनही मोठ्या संख्येने चालणारा मार्ग हा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तुळशीची माळ गळ्यात पडली की माणूस मांस-मद्याला शिवत नाही. शिवला, तर अख्खे गाव त्याला विचारू शकते. आमच्या पट्ट्यातली कितीतरी घरे एका माळेने सावरलेली मी पाहिली आहेत. माळेबरोबर वेळही बांधला जातो, संध्याकाळचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, सप्ताहाची पारायणे, आषाढीची पायी दिंडी. तरीही मी अजून माळ घातलेली नाही. माझी श्रद्धा तेवढी पक्की नाही आणि लाकूड कच्चे असताना त्याचा पॅटर्न करू नये, असे आमच्या धंद्यात म्हणतात. थोरले यावर हसतात आणि पुढच्या एकादशीला पुन्हा विचारतात.

उंबऱ्यावर उभ्या राहणाऱ्या त्या बाईंच्या मुलाला मी आधी माझ्याकडेच बोलावले. पेटीच्या कामात त्याचे मन रमले नाही. तो बसायचा, कानस हातात घ्यायचा आणि दर दोन मिनिटांनी बाहेर रस्त्याकडे पाहायचा. एकट्याने, शांतपणे, खाली मान घालून करायचे काम त्याला सोसत नव्हते, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. थोड्या दिवसांनी तो येईनासा झाला. मग त्याच्या गावच्या दूध डेअरीत संध्याकाळी दुधाची फॅट, म्हणजे स्निग्धांश, मोजणारा मुलगा कामासाठी गोव्याला गेला आणि सेक्रेटरींना माणूस हवा असल्याचे मला मंडळातून कळले. सकाळची पाळी दुसरा कोणीतरी करणार होता. संध्याकाळी सहा ते आठ-साडेआठ एवढेच काम होते आणि पगार सांगण्यासारखा नव्हता. मी निरोप पोचवला. पुढे एकदा गेलो, तेव्हा पाहिले: पत्र्याच्या शेडखाली किटल्यांची रांग, ओल्या शेणाचा आणि कोमट दुधाचा मिसळलेला वास, आणि मशीनपाशी हा. तो पळीने नमुना घ्यायचा, नळीखाली धरायचा, आकडा ओरडून सांगायचा आणि पासबुकात लिहायचा. एक आजी कमरेवर हात ठेवून त्याच्याशी भांडत होत्या. "काल सात लागलंतं, आज सहा कसं काय ओ? म्हस तीच, वैरण तीच." तो म्हणाला, "आजी, मशीन सांगतंय, मी न्हवं. पाणी पिऊन आली असंल म्हस." मागची रांग हसली. कोणाला घाई होती, कोणाचे पोर रडत होते, गाडीचा हॉर्न वाजत होता. त्या गोंधळात सात वाजून गेले, हे त्याच्या लक्षातही आले नसावे. म्हशींना सणवार नसतो. त्या रोज दोन वेळा दूध देतात आणि ते दूध कोणीतरी मोजून घ्यावेच लागते.

सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. गावच्या लक्ष्मीच्या यात्रेत तो दोन-तीन दिवस डेअरीवर दिसला नाही. यात्रेत घरोघरी पाहुणे, मटणाचे रस्से आणि मागच्या परड्यात बाटल्या. अशा वेळी अंगात दहा वर्षांचे शहाणपण असलेला माणूसही डगमगतो. त्या दिवसांत काय झाले, ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. परत आला, तेव्हा रांगेतल्या बायकांनी त्याच्यावर तोंडसुख घेतले, कारण त्याच्या जागी बसलेल्या पोराने सगळ्यांची फॅट चुकीची लिहून ठेवली होती. त्याला कोणी व्यसनी म्हणून बोलले नाही. "कुठं तडमडला होतास, आमचं नुकसान झालं" असे म्हणून बोलले. या दोन बोलण्यांत किती अंतर आहे, ते ज्याने पहिले ऐकले आहे, त्यालाच कळेल.

मलाही कधीकधी त्या जुन्या खोलीची आठवण येते, हे लपवण्यात काय अर्थ आहे? दारूची येत नाही म्हटले तरी चालेल, बोलण्याची येते. तिथे माणसे जे बोलत, ते दुसरीकडे कुठे बोलत नसत. कारखान्यातल्या अपमानाविषयी, बापाविषयी, सीमाप्रश्नाविषयी, कन्नडमध्ये आलेल्या नोटिशीचा अर्थ न कळल्याविषयी, बहिणीच्या लग्नाच्या कर्जाविषयी आम्ही तिथे बोललो. त्यातला एक आता नाही. उरलेले रस्त्यात भेटतात, "काय मास्तर" म्हणून हाक मारतात, आणि दोन मिनिटांत आम्हा दोघांनाही पुढे काय बोलावे, ते सुचत नाही. चहाला चला म्हटले तर येतात, पण चहा पाच मिनिटांत संपतो. पाच मिनिटांत कोणी बापाविषयी बोलत नाही.

म्हणूनच हल्ली मला वाटते, प्रश्न एकेकट्या माणसाच्या मनोनिग्रहाचा जेवढा आहे, तेवढाच जागेचाही आहे. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात, पैसे न देता, कोणी हटकल्याशिवाय पुरुषांना दोन तास बसता येईल अशा जागा आपल्या गावांत किती उरल्या आहेत? तालमी होत्या, अजून काही चालतात, पण तिथे पोरांचे राज्य. देवळे आहेत, पण सगळ्यांनाच देवळात बसवत नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. आपल्याकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानीसारखी गावे हौसेने स्वतःची साहित्य संमेलने भरवतात. संमेलनाच्या आधीचा महिनाभर मंडप, पाहुण्यांची जेवणे, ग्रंथदिंडीचे लेझीम यांत गावातली निम्मी पोरे गुंतलेली असतात आणि त्या महिन्यात कोणी कोपऱ्यावर दिसत नाही, हे मी पाहिले आहे. मग मंडप उतरतो. उरलेल्या अकरा महिन्यांसाठी गावोगावची वाचनालये आहेत, पण त्यांतली पुष्कळशी दिवेलागणीलाच कुलूप लावतात.

आमच्या भागातल्या अशाच एका वाचनालयाच्या समितीला मी विचारले की खोली रात्री नऊपर्यंत उघडी ठेवता येईल का. वर्तमानपत्रे आहेत, कॅरम आहे, दोन ट्यूबलाइट आहेत. आणखी काही नको. समितीतल्या लोकांनी ऐकून घेतले. विजेचे बिल कोण भरणार, हा प्रश्न आला. त्याची वर्गणी करता येईल, असे ठरले. पिऊन कोणी आला तर काय, हा दुसरा प्रश्न आला. आला तर त्यालाही बसू द्यावे, फक्त गोंधळ घालू देऊ नये, असे मी म्हणालो, त्यावर दोघे नाराज झाले. तिसरा प्रश्न, रोज किल्ली घेऊन येणार कोण आणि कुलूप लावून जाणार कोण. मी म्हणालो, मी एकटा घेणार नाही. आठवड्याच्या पाळ्या लावा आणि त्यांतली एक नुकतीच सोडलेल्या कोणालातरी द्या. हे ऐकून एक सद्गृहस्थ म्हणाले की वाचनालयाची किल्ली अशा माणसाच्या हाती कशी द्यायची? त्यावर बरीच चर्चा झाली, चहा झाला, आणि पावसाळा संपल्यावर पुढच्या बैठकीत बघू, असे ठरले. मी पाळ्यांची यादी करून ठेवली आहे. शनिवारी बाजाराचा दिवस असतो, सगळे शहरातून उशिरा परततात. तेवढ्या एका पाळीला अजून माणूस मिळालेला नाही.